आस आणि धाव

पावसाळा मुरला की कोकणात जांभ्याच्या पाखाड्यांवर शेवाळ धरते. वैशाखात ज्या पाखाडीवरून माणसे डोक्यावर आंब्याच्या पाट्या घेऊन तरातरा चढतात, तिथेच आषाढात सगळ्यांची चाल बदलते. पावले आखूड पडतात, बोटे आधी टेकतात, हात आपसूक बाजूच्या गडग्याकडे जातो. पोटऱ्यांतला जोर तोच, चढ तोच, पायऱ्याही त्याच. फक्त दगड आता पायाला धरत नाही. चालणे ही एकट्या पायांची करामत नव्हे, हे अशा वेळी मला दर पावसाळ्यात नव्याने कळते. पाय दगडाला मागे रेटतात आणि दगड आपल्याला पुढे रेटतो. आपण पुढे सरकतो ते त्या दुसऱ्या रेट्याने. दगडाने आपला वाटा उचलला नाही, तर पायांतला सगळा जोर जागच्या जागी फुकट जातो आणि धडधाकट माणूस पायरीवर बसकण मारतो.

न्यूटनने 1687 साली ‘प्रिन्सिपिया’त गतीचे तीन नियम मांडले. शाळेत ते एक, दोन, तीन अशा क्रमाने येतात. मला मात्र ते नेहमी तिसऱ्यापासून उलगडत गेले. बल कधीही एकट्याचे नसते, ते दोघांमध्ये असते, एवढी गोष्ट मनात रुजली की उरलेले दोन नियम आपोआप जवळचे वाटू लागतात.

शेजारची मुलगी यंदा नववीत आहे. नियम तिला घडाघडा येतात. एका संध्याकाळी ती पुस्तक घेऊन आली आणि तिने विचारले, “मावशी, मी भिंत ढकलते हे कळतं. पण भिंत मला कशी ढकलेल? तिला काय हात आहेत?”

प्रश्न फार चांगला होता. पाठ केलेल्या वाक्याने तो सुटत नाही. मी तिला आमच्या गावचा साकव सांगितला. वहाळावर पोफळीचे दोन सोट आडवे टाकलेले, वेलींनी बांधलेले, धरायला एका बाजूला बांबू. काठावर पाय ठेवला तेव्हा सोट ताठ असतो. मधोमध पोचलो की तो खाली वाकलेला असतो, खालचे पाणी जरा जवळ आलेले असते. पण तो वाकतच जात नाही. एका ठिकाणी थांबतो. तिथे त्याच्या आतले तंतू इतके ताणले गेलेले असतात की ते आपल्याला आपल्या वजनाइतक्याच जोराने वर उचलून धरतात. लहान पोर गेले तर सोट थोडा वाकतो, भाताचा भारा घेतलेला गडी गेला तर जास्त वाकतो. समोरच्याचे वजन तो वाकूनच ओळखतो. आता पोफळीच्या जागी सागाची फळी घाला, मग लोखंडी तुळई, मग काळा पाषाण. वाकणे कमी कमी होत जाईल, डोळ्यांना दिसेनासे होईल, पण नाहीसे होणार नाही. भिंतीवर तळवा दाबला की तिथले अणू केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतराने एकमेकांजवळ सरकतात, आणि जवळ आलेले अणू एकमेकांना दूर लोटतात. भिंतीचे ढकलणे ते हेच.

“म्हणजे भिंत वाकते?”

“वाकते.”

ती उठली. भिंतीला गाल लावून, एक डोळा मिटून, दोन्ही हातांनी तिने भिंत ढकलून पाहिली. काही दिसले नाही. पण भिंतीकडे बघण्याची तिची नजर बदलली होती, हे मला दिसले.

तिचा दुसरा प्रश्न मात्र जुना, जगभरच्या मुलांना पडणारा. घोडा गाडीला ओढतो तेवढ्याच जोराने गाडी घोड्याला मागे ओढत असेल, तर गाडी हलते कशी? न्यूटनने तिसरा नियम समजावताना स्वतःच उदाहरण दिले आहे ते दोरीने दगड ओढणाऱ्या घोड्याचे. उत्तर घोड्याच्या खुरांखाली आहे. गाडीवर पडणारी ओढ आणि घोड्यावर पडणारी ओढ सारख्या असल्या, तरी त्या दोन वेगळ्या अंगांवर पडतात. एकमेकींना खोडायला त्या एका ठिकाणी येतच नाहीत. घोड्याचे काय होईल हे ठरवणारी आणखी एक जोडी असते: खूर जमिनीला मागे लोटतात, जमीन घोड्याला पुढे. जमिनीचा रेटा गाडीच्या ओढीपेक्षा जास्त झाला की घोडा निघतो आणि गाडीही निघते. म्हणून तर घोड्याला नाल ठोकतात आणि बैलाला पत्री मारतात. खूर झिजू नये हे कारण आहेच. पण जमिनीची पकड सुटू नये हेही आहे.

हीच गोष्ट अवाढव्य प्रमाणात पाहायची असेल, तर कर्जत स्टेशनात फलाटाच्या टोकाला जाऊन उभे राहावे. मुंबईहून पुण्याकडे निघालेल्या लांबच्या बहुतेक गाड्या इथे थांबतात आणि मागून बँकर येऊन लागतात. बँकर म्हणजे घाटात गाडीला पाठीमागून रेटणारी जादा इंजिने. जोडणी होताना डब्यांत हलकासा धक्का बसतो, वडापाव खाणारी माणसे क्षणभर थांबतात आणि पुन्हा खाऊ लागतात. इथून लोणावळा 28 किलोमीटर. बोरघाटाचा हा लोहमार्ग 1863 साली खुला झाला. तो खोदताना हजारो मजूर दगावले, पटकीने, सुरुंगाने, दरडींखाली. आज आपण खिडकीतून धबधबे बघत जातो तो रस्ता त्यांनी सह्याद्रीच्या कातळाशी समोरासमोर झगडून काढलेला आहे, आणि या घाटाविषयी लिहिताना त्यांचे स्मरण न करता पुढे जाणे मला जमत नाही.

घाटातला सगळ्यात तीव्र चढ 37 ला 1 असा आहे. म्हणजे 37 मीटर पुढे गेले की गाडी 1 मीटर वर चढते. सायकलवाल्याला हा चढ फारसा वाटणार नाही. रेल्वेला तो जीवघेणा आहे, आणि का ते हिशोब मांडला की दिसते. 1,000 टनांची गाडी सपाटीवर सावकाश चालती ठेवायला दोन-तीन टनांची ओढ पुरते. पोलादी चाक पोलादी रुळावर इतके हलके फिरते. तीच गाडी या चढाला लागली की तिच्या वजनाचा सदतिसावा भाग, म्हणजे 27 टन, तिला मागे खेचू लागतो. आता इंजिन पाहा. साधारण 120 टनांचे, बारा चाकांचे. प्रत्येक चाक रुळाला टेकते ती जागा अंगठ्याच्या नखाएवढी. एवढे प्रचंड धूड आणि एवढी मोठी गाडी, पण त्यांना पुढे नेणारा रुळाचा रेटा या बारा नखांएवढ्या जागेतूनच यायचा. रूळ कोरडा असेल तर तो इंजिनाच्या वजनाच्या तीन दशांशापर्यंत, म्हणजे 36 टनांपर्यंत, परत रेटू शकतो. पावसात, रुळावर चिखलपाला असताना, हे निम्म्यावर येते. 18 टन. 27 टनांची मागे खेच आणि हाती फक्त 18. मोटारीत शक्ती कितीही असो, रूळ जेवढे परत देईल तेवढेच इंजिनाचे. त्यापुढचा जोर चाके जागेवर गरगर फिरवण्यात जातो. शेवाळलेल्या पाखाडीवर पाय सटकतो तेव्हा जे घडते तेच इथे.

म्हणून मागे बँकर लागतात. टेकणाऱ्या चाकांची संख्या वाढते, पकड वाढते. शिवाय सगळी ओढ पुढूनच लावली असती तर पहिल्या डब्याच्या कपलिंगवर साऱ्या गाडीचा ताण आला असता. मागून रेटा मिळाल्यावर तो वाटला जातो. आणि तरीही चाक घसरू लागलेच, तर लोको पायलट वाळू सोडतो. इंजिनाच्या पोटात कोरड्या, चाळलेल्या वाळूची पेटी असते. तिची नळी चाकाच्या अगदी पुढे, रुळाच्या माथ्यावर उतरते. चिमूट चिमूट वाळू पडते, चाकाखाली भरडली जाते आणि गुळगुळीत पोलादाला दात येतात. विजेवर चालणाऱ्या, इलेक्ट्रॉनिक्सने भरलेल्या आजच्या इंजिनातही ही वाळू असते. मला याचे फार अप्रूप वाटते. एवढ्या यंत्रणेला शेवटी मूठभर वाळूची गरज उरते.

उतरताना तीच 27 टनांची ओढ उलट बाजूला असते आणि तेव्हा सगळे लक्ष गाडीला धरून ठेवण्यावर. घाट उतरण्याआधी ब्रेकची तपासणी होते. उतारावर जागोजागी कॅच सायडिंग आहेत: ताब्यातून सुटलेल्या गाडीला बाजूला वळवून चढावर नेणारे रूळ, म्हणजे ज्या गुरुत्वाने ती पळवली त्यानेच तिला थांबवावे. 1920 च्या दशकाच्या अखेरीस हा घाट विजेवर आला तेव्हाची मालगाडीची इंजिने लांब नाकांची, मध्ये जोडलेली, आडव्या दांड्यांनी चाके फिरवणारी होती. रेल्वेतल्या लोकांनी त्यांचे नाव ठेवले खेकडा. हा खेकडा उतारावर आपल्या मोटारींतून उलटी वीज निर्माण करून तारेत परत सोडायचा. ब्रेक तापवून वाया जाणारी गती चढणाऱ्या दुसऱ्या गाडीच्या कामी यावी, ही कल्पना त्या काळी इथे रोजच्या वापरात होती.

घर्षण नको तिथेही असते आणि हवे तिथेही असते, हे बैलगाडी हाकणाऱ्याला कुणी शिकवावे लागत नाही. चाकाच्या मध्याशी आस. तिथे घर्षण जितके कमी तितके बैलांचे श्रम कमी, म्हणून तुंब्यात वंगण घालायचे. गाडीखाली वंगणाचे भांडे लोंबत असते ते त्यासाठी. आणि त्याच चाकाच्या कडेला धाव, लोखंडी पट्टी. ती विस्तवात लाल करून चढवतात, वरून पाणी ओततात, चर्र आवाज होऊन ती आवळते आणि आरे, पुठ्ठे, तुंबा सगळ्यांना घट्ट धरून बसते. या धावेपाशी जमिनीची पकड हवीच. ती नसेल तर चाक फिरणारच नाही, नुसते घसपटत जाईल. आसेपासून धावेपर्यंत जेमतेम हातभर अंतर, आणि दोन्ही टोकांना दोन उलट गरजा.

या घर्षणानेच माणसाला फार मोठा चकवा दिला. ढकलणे थांबवले की हातगाडी थांबते. बैल थांबले की गाडी थांबते. म्हणून गती टिकवायला बल लागते असे ॲरिस्टॉटलने मांडले आणि जवळजवळ दोन हजार वर्षे ते बहुतेकांना पटत राहिले. अनुभवाने जे दिसत होते तेच तो सांगत होता. गॅलिलिओने समोरासमोर दोन उतार घेतले. एकावरून सोडलेला गोळा दुसऱ्यावर जवळजवळ तेवढ्याच उंचीपर्यंत चढतो. दुसरा उतार मंद केला की तीच उंची गाठायला गोळा आणखी लांब जातो. आणखी मंद केला की आणखी लांब. मग तो पूर्ण सपाट केला तर? गोळ्याला उंची कधी मिळणारच नाही, म्हणजे तो थांबणारच नाही. हाताने करता येण्याजोग्या प्रयोगाच्या कडेवर उभे राहून त्याने न करता येणारा प्रयोग मनात पुरा केला. पहिला नियम तिथून आला: थांबलेले थांबून राहते, चालते ते सरळ, एकाच वेगाने चालत राहते, आणि यांतल्या कशालाही कारण लागत नाही. कारण लागते ते बदलाला.

एसटीने करकचून ब्रेक मारला की उभी माणसे पुढे कोसळतात. त्यांना कुणी ढकललेले नसते. ती आपल्या आधीच्या वेगाने चालतच असतात. थांबलेली असते फक्त गाडी. लोकलच्या दारात रोज उभे राहणाऱ्यांना हे इतके अंगवळणी पडलेले असते की स्टेशन जवळ आले की ते हँडल न धरता नुसता एक पाय पुढे टाकतात. मधल्या टप्प्यात, गाडीने एकदा वेग धरला आणि तो टिकवला की, डोळे मिटले तर गाडी चालली आहे की उभी आहे हे अंगाला कळत नाही. जे कळते ते रुळांच्या सांध्यांचे धक्के. आर्यभटाने इसवी सन 499 च्या सुमारास लिहिले की नावेतून पुढे जाणाऱ्याला काठावरच्या अचल वस्तू मागे जाताना दिसतात, तसेच स्थिर तारे आपल्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात. आपण सगळे त्या नावेत आहोत. पुण्याच्या अक्षांशावरचा माणूस पृथ्वीबरोबर तासाला जवळजवळ 1,600 किलोमीटर वेगाने पूर्वेकडे फिरतो, आणि पृथ्वी त्याला घेऊन सेकंदाला सुमारे 30 किलोमीटर वेगाने सूर्याभोवती जाते. तरी ओट्यावर ठेवलेल्या दुधावरची साय हलत नाही. हे आकडे मी कितीदा तरी वाचले असतील, आणि तरीही दर वेळी अंगावर काटा येतो.

राहिला दुसरा नियम. तो पुस्तकात बल, वस्तुमान आणि त्वरण यांच्या सूत्रात भेटतो आणि गणिते सोडवण्यात हरवून जातो. न्यूटनची मूळ मांडणी संवेगाच्या भाषेतली: वेग आणि वस्तुमान मिळून जो संवेग होतो, त्यातला बदल बलावर अवलंबून असतो. म्हणजेच, बदल ठरलेला असला तर तो किती वेळात घडवून आणायचा, म्हणजे थांबायला किती अंतर मिळते, यावर धक्का किती बसेल ते ठरते. मला हा नियम उमगला तो कोल्हापुरात.

शाहू महाराजांच्या काळात, 1912 साली, तिथे खासबाग मैदान उभे राहिले. त्याच्या मधोमध तांबड्या मातीचा हौद. तालमींतही असेच हौद असतात. ती माती नुसती आणून ओतलेली नसते. चाळून बारीक केलेली असते, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू मुरवलेले असते, आणि सरावाआधी पोरे फावड्यांनी हौद उकरून माती मोकळी करतात. मुठीत घेतली तर तिचा लाडू वळतो आणि दाबला की तो अलगद फुटतो. डाव लागला की ऐंशी किलोचा पैलवान कमरेच्या उंचीवरून पाठीवर पडतो. एक मीटर खाली येताना त्याला जो वेग आला तो शून्यावर यायचाच आहे, त्यात सवलत नाही. फरशीवर पडला तर त्याच्या अंगाला थांबायला फार तर दोन सेंटीमीटर मिळतील. सरासरी धक्का त्याच्या वजनाच्या पन्नास पट. मोकळी केलेली माती आणखी पाच-सहा सेंटीमीटर खाली जाते. थांबण्याचे अंतर आठ सेंटीमीटर झाले की धक्का बारा-तेरा पटींवर येतो. पैलवान उठतो, पाठीची माती झाडतो आणि पुन्हा उभा राहतो. महाराष्ट्र केसरीत आता माती आणि गादी असे दोन विभाग असतात. गादीच्या आतला फोमही हेच काम करतो.

मातीनेच एक मोठा वाद मिटवायलाही मदत केली आहे: चालत्या वस्तूचा जोर वेगाच्या प्रमाणात वाढतो की वेगाच्या वर्गाच्या? 1720 च्या दशकात हॉलंडमध्ये लायडनच्या विल्यम स’ग्रावसांड याने पितळेचे गोळे वेगवेगळ्या उंचीवरून मऊ चिकणमातीत टाकले. वेग दुप्पट झाला की गोळा मातीत दुप्पट खोल जाईल असे वाटावे. तो चौपट खोल गेला. वेग तिप्पट, तर खोली नऊपट, म्हणजे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. पुढे फ्रान्समध्ये एमिली द्यु शातले हिने 1740 च्या आपल्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात या प्रयोगाची बाजू ठामपणे मांडली. ‘प्रिन्सिपिया’चा फ्रेंच अनुवाद तिचाच. दिवस गेलेले असताना ती रात्र रात्र जागून तो पुरा करत होती, बाळंतपणातून आपण उठू की नाही याची तिला धास्ती होती. हस्तलिखित हातावेगळे करून, 1749 साली, बाळ झाल्यावर थोड्याच दिवसांत ती गेली. अनुवाद 1759 साली छापून निघाला.

तिने ज्याची बाजू घेतली तो वेगाचा वर्ग रोज आपल्या रस्त्यांवर आहे. ताशी 40 ने जाणाऱ्या दुचाकीला ब्रेक लावल्यावर थांबायला जेवढे अंतर लागते, त्याच्या चौपट अंतर ताशी 80 ने जाणारीला लागते, आणि रस्ता ओला असेल तर त्याहूनही जास्त, कारण डांबरही मग टायरला पुरते धरत नाही. माझा भाचा हेल्मेट कोपरात अडकवून गाडी चालवत असे, चौकात पोलीस दिसले की डोक्यावर चढवण्यासाठी. त्याला मी वेगाबद्दल काही बोलले नाही. त्याला थांबलेल्या गाडीबद्दल सांगितले. सिग्नलला उभी असलेली दुचाकी तोल जाऊन आडवी झाली आणि डोके दीड मीटरवरून खाली आले, तरी रस्त्याला टेकताना त्याचा वेग ताशी 20 किलोमीटरच्या आसपास असतो. डांबर वाकते, पण साकवाइतके नाही. कवटीला थांबायला मिलिमीटरांत अंतर मिळते. मग आम्ही त्याचे हेल्मेट उलटे करून पाहिले. बाहेरचे कवच कठीण, चकचकीत. त्याच्या आत कापडाच्या अस्तराखाली दोन-तीन सेंटीमीटर जाडीचा थर्माकोलचा थर. त्याने नखाने दाबून पाहिला, तिथे खळगा पडला. सगळे काम या थराचे. डोके आणि रस्ता यांच्यामध्ये तो चिरडत जातो, आणि चिरडताना थांबायला तेवढे दोन सेंटीमीटर देतो. ते काम तो एकदाच करू शकतो, कारण हौदाच्या मातीसारखा तो पुन्हा उकरून मोकळा करता येत नाही. म्हणून एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून कोरे दिसले तरी टाकून द्यायचे असते. भाच्याचे हेल्मेट मित्राकडून आलेले होते आणि त्याच्या डाव्या बाजूला एक लांब ओरखडा होता. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे जाऊन नवे घेऊन आलो. हनुवटीखालचा पट्टा त्याने दुकानातच आवळून पाहिला.